उत्तरासकट विचारलेला प्रश्न

आत्याच्या वाचनात टिचकी येते हे सगळ्यांत आधी कानसेनला कळलं.

कानसेन म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेपलीकडे बसणारा तंत्रज्ञ. आत्या दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचते आणि तो ती ध्वनिमुद्रित करतो. बरीच वर्षं दोघांची जोडी आहे. तो गायला लागला तर लोक खोली सोडून जातील, पण ऐकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, म्हणून हे नाव आत्यानंच ठेवलेलं.

"ताई, थांबा," तो म्हणाला. "तुमची जीभ टाळूला चिकटतेय. सुटताना टक् असं वाजतं."

"माझ्या कानाला तर काही ऐकू येत नाही."

"तुमचे कान तुमच्या बाजूचे आहेत. माझे मायक्रोफोनच्या."

आत्या पाणी प्यायली. अर्धं पान बरं गेलं, मग पुन्हा टक्. पुढच्या काही आठवड्यांत पाण्याची बाटली तिच्या हाताचाच भाग झाली. कानसेन संध्याकाळी एकेक टिचकी कापून काढत बसायचा आणि कापलेल्या जागी शब्द अडखळल्यासारखे वाटायचे. तेव्हाच एक जाडजूड कादंबरी आत्याकडे आलेली होती. संस्थेच्या संचालिकाबाईंनी गोड बोलून सांगितलं की प्रकृती आधी, पुस्तक काय, दुसरं कुणीही वाचेल. आत्या घरी आली आणि भाचीला म्हणाली, "दुसरं कुणीही. ऐकलंस? नारळ दिला, साखरेत घोळवून."

भाची शिक्षणासाठी आत्याकडे राहायला आली होती आणि नोकरी लागल्यावरही तिथंच राहिली. तिनं रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, पण प्रयोगशाळेऐवजी ती एका वैद्यकीय कोडिंगच्या कार्यालयात लागली. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांच्या नोंदी तिथं येतात. त्या वाचायच्या आणि प्रत्येक आजाराला ठरलेला क्रमांक लावायचा. त्या क्रमांकावर पुढचं सगळं चालतं: विमा, आकडेवारी, पुढच्या डॉक्टरला पहिल्यांदा काय दिसेल ते. भाचीला हे काम मनापासून आवडायचं. डॉक्टरांनी नुसतं 'कोरडं तोंड' लिहिलं तर ते लक्षणांच्या कप्प्यात जातं, आर अडुसष्ट पूर्णांक दोन. 'लाळ कमी सुटते' असं लिहिलं तर तेच तोंड लाळग्रंथींच्या विकारांत जाऊन बसतं. 'अमुक औषधामुळे' असं पुढे लिहिलं तर त्याला औषधाचा आणखी एक क्रमांक जोडायचा. तोंड एकच, पण कुठल्या कप्प्यात गेलं त्यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरणार, याची तिला गंमत वाटायची.

कार्यालयात तिच्या वर एक तपासणीसबाई होत्या. सगळे त्यांना माघारी खोडरबर म्हणत, कारण नव्या माणसाचं अर्धं काम त्या पहिल्या महिन्यात रद्द करत. त्यांची शिकवण दोनच गोष्टींची होती. पहिली अशी की नोंदीत नाही ते आपल्याला माहीत नाही. "तुला काय वाटतं ते चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून ये." दुसरी गोष्ट डॉक्टरांना प्रश्न विचारण्याबद्दल होती. नोंद अपुरी असेल तर संगणकातून डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवता येतो, पण त्या प्रश्नात उत्तर घालायचं नाही. 'रुग्णाला न्यूमोनिया आहे का?' असं विचारायचं नाही. 'छातीच्या क्ष-किरण चित्रातल्या डागाबद्दलचं आपलं मत कृपया लिहावं' असं विचारायचं.

"फरक काय पडतो?" भाचीनं सुरुवातीला विचारलं होतं.

"डॉक्टर दिवसभर उभा असतो. घरी जाताना त्याच्यासमोर आपले प्रश्न ढिगानं येतात. दमलेल्या माणसाला 'हो' म्हणायला एक बोट पुरतं. तू न्यूमोनिया लिहिलास की त्या माणसाला न्यूमोनिया झाला."

भाचीला तेव्हा हे जरा अती वाटलं होतं.

तोंडाच्या डॉक्टरांकडे ती आत्याबरोबर गेली. डॉक्टर तरुण होते, बोलताना हात धूत होते. त्यांनी जिभेवर लाकडी पट्टी ठेवली, ती उचलताना जीभही किंचित उचलली गेली. त्यांनी डोळ्यांबद्दल विचारलं. आत्या म्हणाली, वाचताना वाळू गेल्यासारखं होतं.

"औषधं कुठली चालू आहेत?"

आत्यानं शेजारी बसलेल्या भाचीकडे एकदा पाहिलं. "छे. मी गोळ्यांपासून चार हात लांब असते."

रक्ताच्या तपासणीचा निकाल आला तो ना धड हो, ना धड नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कधीकधी शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. तसं काही आहे का हे पाहायला खालच्या ओठाच्या आतून मुगाएवढा तुकडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. जागा बधिर करून काढतात, दुखत नाही. क्वचित कुणाला ओठाला थोडा बधिरपणा राहतो.

"क्वचित म्हणजे?" आत्यानं विचारलं.

"क्वचितच."

बाहेर आल्यावर ती पायरीवरच थांबली. "ओठ बधिर राहिला तर मी प, फ, ब, भ, म कुठून काढू? पाच अक्षरं सोडून कादंबरी वाचू? 'बाबा' म्हणायचं तर 'आआ' म्हणू?"

"आत्या, क्वचित म्हणाले ते."

"क्वचित माझ्याच वाट्याला येतं. लग्नंसुद्धा क्वचितच मोडतात म्हणे."

त्यानंतरच्या दिवसांत आत्या घरात फार बोलेनाशी झाली. आरशासमोर उभी राहून खालचा ओठ उलटा करून पाहायची. भाचीनं एकदा तिला अंधारात 'पोपट, बेडूक, मासा' असं हलक्या आवाजात म्हणताना ऐकलं आणि ती पावलं न वाजवता मागे फिरली.

मग चष्म्याची गोष्ट झाली. आत्या चष्मा घरी विसरली आणि तिनं भाचीला फोन केला, दुसऱ्या पिशवीत आहे, येता येता दे. पिशवीच्या आतल्या कप्प्यात चष्म्याखाली गोळ्यांची एक पट्टी होती. निम्म्या गोळ्या संपलेल्या. भाचीनं नाव वाचलं आणि ती पिशवी हातात घेऊन पलंगावर बसली. लघवीची घाई आवरणारी गोळी. मूत्राशयाला आकुंचन पावायला सांगणारा जो निरोप मज्जातंतू पाठवतात, तो ही गोळी अडवते. तोच निरोप लाळग्रंथींकडेही जात असतो, तोही अडतो. या गोळीनं तोंड कोरडं पडलेल्या बायकांच्या कितीतरी नोंदींना भाचीनं स्वतःच्या हातानं क्रमांक लावले होते.

एकदम सगळं जुळलं. लांबच्या प्रवासाला आत्याचं नाही म्हणणं. नाटकाला कडेची खुर्ची. डॉक्टरांनी औषधं विचारल्यावर भाचीकडे टाकलेली नजर. डोळे? या गोळीनं डोळेही कोरडे होतात. तिनं डोळेही गोळीच्याच नावावर टाकले. ओठ कापायची गरजच नाही, नुसती गोळी बंद करायची, एवढंच. आणि हे आत्या लाजेपायी सांगत नाही.

त्या संध्याकाळी भाचीनं भाजी निवडता निवडता विषय काढला.

"आत्या, डॉक्टरांना सांगायचं काही राहिलं का आपलं?"

"काय राहणार?"

"म्हणजे एखादं टॉनिक, एखादी गोळी. लोक विसरतात."

"मी काय विसरते? चष्मा. तो तू आणलास." आत्यानं भाजीची काडी तिच्याकडे रोखली. "तू मला असं कार्यालयातल्यासारखं का विचारतेयस?"

"सहज."

"सहज विचारणाऱ्याचा चेहरा असा नसतो, बये."

भाचीची जीभ रेटेना. पिशवी उघडली म्हणून नाही; ती आत्यानंच उघडायला सांगितली होती. पण पन्नाशी उलटलेल्या, ताठ मानेनं जगलेल्या बाईला, तुला लघवी आवरत नाही का, हे कोणत्या तोंडानं विचारायचं? आत्याचा ओठ कापायचा दिवस जवळ येत गेला.

आणि मग आत्याची नोंद नेमकी तिच्याच रांगेत आली.

नातेवाइकाची नोंद समोर आली तर काय करायचं हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. वाचायची नाही, 'परत' हे बटण दाबायचं, तपासणीसबाई ती दुसऱ्या कुणाला देतात. भाचीनं जन्मतारीख ओळखली. व्यवसायाच्या रकान्यात 'वाचक' असं होतं, ते वाचून तिला हसू आलं. मग ती पुढे वाचत गेली. 'कोरडं तोंड. कारण अज्ञात. औषधे: नाहीत. ओठाची तपासणी ठरली आहे.'

औषधे: नाहीत. ही ओळ खोटी आहे हे त्या इमारतीत एकट्या तिला माहीत होतं.

तिनं प्रश्नाची खिडकी उघडली. आधी नियमाप्रमाणे लिहिलं: 'कोरड्या तोंडाचं कारण निश्चित झालं असल्यास कृपया नमूद करावं.' डॉक्टर याला 'अज्ञात' लिहिणार, हे उघड होतं. तिनं ते पुसलं आणि लिहिलं: 'रुग्णा मूत्राशयाची गोळी घेत असून कोरडं तोंड त्या गोळीमुळे आहे, याच्याशी आपण सहमत आहात का?' गोळीचं नावही घातलं. एकदा वाचून पाहिलं. वाक्य व्यवस्थित होतं. तिनं ते पाठवलं, मग नोंदीवर 'परत' दाबलं, जणू काही पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलेलं होतं. 'होय, सहमत.' फोन नाही, उलट प्रश्न नाही, बस दोन शब्द. भाचीला सुटल्यासारखं वाटलं. थोड्या वेळानं ते दोन शब्द तिनं पुन्हा वाचले, आणि त्यांच्या वरचा आपला प्रश्नही.

घरी गेली तर आत्या स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

"दवाखान्यातून फोन होता. कापायचं रद्द! गोळी बंद करा म्हणाले, सहा महिन्यांनी या."

"अरे वा."

"वा तर आहेच." आत्यानं गॅस बारीक केला. गुणगुणणं थांबलं होतं. "आता मला एक सांग. कुठली गोळी ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी त्या फोनवरच्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, तुमच्या फाइलमध्ये आहे. माझ्या फाइलमध्ये माझ्यापेक्षा जास्त कुणी लिहिलं?"

भाचीनं काही लपवलं नाही. पट्टी, नोंद, प्रश्न, सगळं सांगून टाकलं. आत्या ऐकत राहिली. तिचे कान लाल झाले.

"ती गोष्ट मी माझ्या आईला सांगितली नसती," ती शेवटी म्हणाली. "आणि तू ती टाइप केलीस."

"तुझा ओठ वाचावा म्हणून, आत्या. डॉक्टर चुकीच्या दिशेनं चालले होते. तुला कोरड पडते ती त्या गोळीनं."

"कुणी सांगितलं?"

"शास्त्र आहे ते."

"शास्त्र गेलं खड्ड्यात. उलटं धरलंयस तू." आत्या स्टुलावर बसली आणि भाचीकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं बोलू लागली. "तोंड गेल्या उन्हाळ्यापासून कोरडं आहे. डोळे त्याच्याही आधीपासून चुरचुरतात. कानसेन म्हणाला पाणी प्या, म्हणून बाटल्याच्या बाटल्या प्याले. मग दर पाच पानांनी उठा. तो बिचारा यंत्र थांबवायचा, काही बोलायचा नाही. एकदा प्रकरण संपत आलं होतं, चार ओळी राहिल्या होत्या, म्हटलं रेटू. नाही रेटलं. खुर्चीवर ओढणी टाकून, तो जाईपर्यंत बसून राहिले मी. तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणली ती गोळी. थंडी पडली होती तेव्हा. आता सांग, आधी काय?"

गोळीनं तोंड कोरडं होतं हे खरं होतं. या गोळीनं हे तोंड कोरडं झालं, हे मात्र तिला कुठूनही कळलेलं नव्हतं. कारण आणि परिणाम यांतलं आधी काय घडलं, ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं विचारायची गोष्ट तिनं विचारलीच नव्हती. तिच्याकडे उत्तर होतं, म्हणून. आणि आता तेच उत्तर डॉक्टरांचं म्हणून नोंदीत बसलं होतं. आजार ग्रंथींचाच असेल तर तो सहा महिने, कदाचित कायमच, कुणी शोधणार नव्हतं.

"आत्या, ती तपासणी करायला हवी."

"का? रद्द झालंय ना? देव पावला म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"ती मी रद्द केली. डॉक्टरांनी नाही."

"मग चांगलं केलंस! पहिल्यांदा काही चांगलं केलंस आज." आत्या उठली आणि भांडी उगाचच जोरात लावू लागली.

सकाळी भाची आपल्या जागेवर न जाता सरळ तपासणीसबाईंच्या टेबलाशी गेली. बाईंनी प्रश्न पडद्यावर उघडून वाचला, मग खालचे दोन शब्द वाचले.

"हा प्रश्न तू लिहिलास?"

"हो, मॅडम."

"मी शिकवलेल्या मुलीनं?" बाईंनी चष्मा काढला. "पेशंट कोण?"

"माझी आत्या."

शेजारच्या टेबलावरचा कळफलकाचा आवाज थांबला. बाईंनी तिकडे नुसतं पाहिलं, तो पुन्हा सुरू झाला.

"पुसता येईल का, मॅडम?"

"मला काय म्हणता तुम्ही लोक ते माहीत आहे मला. पण या यंत्रात काही पुसलं जात नाही. खाली दुसरी ओळ लिहिता येते, एवढंच. आणि तुझं नाव वरच्या ओळीला राहणार." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आजपासून नोंदी बघायच्या नाहीत. चौकशी होईल. काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि खोटा धीर मला देता येत नाही."

भाचीनं मान हलवली. बाईंनी प्रश्नाची नवी खिडकी उघडली. 'आधीचा प्रश्न नियमबाह्य असल्यानं मागे घेत आहोत. रुग्णेस प्रत्यक्ष भेटून कोरड्या तोंडाच्या कारणाबद्दलचं आपलं मत नव्यानं नमूद करावं.'

"मॅडम, एवढंच? तारखा लिहा ना. आधी तोंड कोरडं पडलं, नंतर गोळी आली. डोळे तर त्याहून आधी. हे लिहिलं नाही तर ते पुन्हा तेच..."

"पुन्हा?" बाई तिच्याकडे वळल्या. "काल तुझ्याकडे एक उत्तर होतं, आज दुसरं आहे. कालचंही तुला पक्कंच वाटत होतं."

बाई पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"पेशंटला तोंड आहे ना?"

"आहे," भाची म्हणाली. "कोरडं आहे."

बाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते ओठांपर्यंत येऊ दिलं नाही. त्यांनी प्रश्न पाठवला.

दवाखान्यातून पुन्हा फोन आला तेव्हा आत्यानं तो उचलला, 'बरं' म्हटलं आणि ठेवला. मग भाचीला विचारलं, "आता मी तिथं जाऊन काय सांगायचं?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे न सांगता सांगतेयस."

"नाही गं. खरंच नाही."

आत्या बराच वेळ बोटांनी टेबलावर ठेका धरून बसली. "आणि गेलेच नाही तर?"

याचं उत्तर मात्र भाचीनं दिलं, जेवढं तिला माहीत होतं तेवढं. तो आजार असेल तर दात किडत जातात, डोळ्यांना इजा होते, काही जणांत तो आतल्या अवयवांपर्यंत जातो. नसेल तर ओठाला उगाच चिरा बसेल.

"आणि माझा आवाज?"

"माहीत नाही."

"मागच्या आठवड्यात तुला सगळं माहीत होतं," आत्या म्हणाली. त्यात टोमणा होता, पण भांडणाच्या रात्रीइतकी धार नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी या वेळी हात आधीच धुतले होते. ते थोडे अवघडल्यासारखे दिसत होते. "तो प्रश्न माझ्याकडून घाईत मिटला," ते म्हणाले. "आपण पुन्हा पहिल्यापासून बोलू. हा त्रास कसा सुरू झाला, तुमच्या शब्दांत सांगा."

भाचीच्या ओठांवर अख्खं वाक्य तयार होतं. तिनं दात मिटून घेतले.

आत्या म्हणाली, "आधी हिला बाहेर पाठवा."

बाहेर खुर्च्यांची रांग होती. भाची टोकाच्या खुर्चीवर बसली. दारापलीकडून आत्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच तो थांबायचा, बहुधा पाण्याचा घोट घ्यायला, आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. ती काय सांगतेय, सगळं सांगतेय की अर्धं, खुर्चीवरच्या ओढणीपर्यंत पोचली की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. एकदा डॉक्टरांनी काही विचारलं आणि आत बराच वेळ शांतता पसरली. भाचीनं उठून दारावर टकटक करावी असं तीनतीनदा मनात आणलं. ती बसून राहिली.

दार उघडलं ते परिचारिकेनं. तिच्या हातात झाकलेला ट्रे होता. "आतल्या पेशंटचं आजच करून घेतोय, त्या हो म्हणाल्यात. सोबत कोण आहे?"

भाची अर्धवट उठली आणि तशीच थांबली. परिचारिकेच्या खांद्यामागे आत्या खुर्चीवर रेललेली दिसत होती, गळ्याशी कागदी रुमाल अडकवलेला. तिनं मान वळवून बाहेर पाहिलं, वेळ घेतला.

"ती आहे," आत्या म्हणाली. "पण तिला आत येऊ देऊ नका. तिथंच बसू दे, माझं होईपर्यंत."